जागेवर न थांबणारा पॉईंट

ट्रॉम्सोच्या विमानाचं तिकीट काढण्याआधी मी अलिबागला जाऊन आलो. यामागचा हिशेब घरात अजून कुणाला पटलेला नाही. नॉर्दर्न लाइट्स बघायला नॉर्वेला जायचंय, तर मांडव्याची लाँच कशाला? आणि त्याआधी कुलाब्याला नेव्हीनगरच्या बाजूला चक्कर कशाला? सांगतो, पण थोडा वळसा पडेल.

मे २०२४ मध्ये, १० तारखेच्या रात्री, सूर्याकडून निघालेलं एक वादळ पृथ्वीवर येऊन थडकलं. पुढचे दोन दिवस फोनवर दुसरं काही दिसेना. लंडनजवळ राहणाऱ्या मावसभावाने परसातून काढलेलं गुलाबी आकाश, ऑफिसातल्या कुणाच्या तरी मुलीने जर्मनीहून पाठवलेलं जांभळं आकाश, आणि लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्याने टिपलेली क्षितिजावरची तांबूस झाक. २००३नंतर इतकं जोरदार वादळ आलं नव्हतं. मी गच्चीवर गेलो. लोअर परळच्या गच्चीवरून काय दिसणार ते ठाऊक होतं, तरी गेलो. सेनापती बापट मार्गाच्या दोन्ही अंगांचे टॉवर, त्यांच्या डोक्यावरचे लाल दिवे, मॉलच्या बाजूने वर चढणारा पांढुरका उजेड, आणि या सगळ्यावर एक मळकट नारिंगी छत. शुक्र आणि गुरू तेवढे इथे नेमाने दिसतात, व्याध कधीमधी. बाकीचं आकाश आम्ही लोअर परळकर वरळीच्या नेहरू तारांगणात जाऊन बघतो, तेही १९७७ पासून. गिरण्या होत्या तेव्हा रात्री काळोख असायचा असं आई सांगते, पण तेव्हा धूर होता. बाबा तिसऱ्या पाळीहून सकाळी परतायचे. रात्रभर साच्यांच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला आकाशाचं काय कौतुक? १९८२च्या संपानंतर भोंगे थांबले, चिमण्या गेल्या, धूर गेला, आणि त्याच्या जागी उजेड आला.

तेव्हा बघायचं तर उठून जायलाच हवं, हे त्या रात्री ठरलं. आपणही यायचं हे आईने स्वतःच ठरवलं. बायको शिक्षिका. लाइट्सचा हंगाम आणि परीक्षांचा हंगाम नेमका एकच, त्यामुळे तिने आम्हा दोघांना मोकळं सोडलं.

रीतीप्रमाणे आधी दादरला एका टूर कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरचा मुलगा गोड होता. ‘काकू, जेवणाची काळजी करू नका, आपला महाराज बरोबर असतो,’ हे त्याने खुर्चीत बसायच्या आत सांगितलं. माहितीपत्रक चकचकीत. हेलसिंकी, रोव्हानिएमीत सांताक्लॉजचं गाव, कुत्र्यांची गाडी, रेनडिअरची गाडी, ट्रॉम्सो, स्टॉकहोम. मधेच कुठेतरी ‘नॉर्दर्न लाइट्स हंट : एक संध्याकाळ’, आणि त्यावर एक बारीक चांदणी. पानाच्या तळाशी त्या चांदणीचा खुलासा होता. आईने चष्मा वर सारून नेमकी तीच ओळ वाचली.

‘म्हणजे नाही दिसले तर?’

‘काकू, ते निसर्गाच्या हातात आहे.’

‘मग एकच रात्र का ठेवलीत?’

त्या मुलाकडे उत्तर नव्हतं. माझं पुढचं सगळं नियोजन आईच्या या एका प्रश्नातून निघालं.

आपलं, म्हणजे मराठी माणसाचं, पर्यटन पॉईंटांवर चालतं. महाबळेश्वरला आर्थर सीट, माथेरानला पॅनोरमा, आणि जाईल त्या थंड हवेच्या ठिकाणी एक सनसेट पॉईंट. पॉईंटचा मोठा गुण असा की तो जागेवर असतो. धुकं असलं तरी ‘इथून समोर प्रतापगड दिसतो’ असं गाइड सांगतो, आपण धुक्याकडे बघून मान डोलावतो, भाजलेलं कणीस खातो आणि पुढच्या पॉईंटला निघतो. युरोपही आपण तसाच केला. आठ दिवसांत चार देश, प्रत्येक देशाचा एक पॉईंट, आयफेल टॉवर कुठे पळून जात नाही. हसण्यासारखं यात काही नाही. मोजक्या रजेत आणि मोजक्या पैशांत जग बघायची ती चांगली रीत आहे. पण नॉर्दर्न लाइट्सना ती चालत नाही. हा पॉईंट जागेवर थांबत नाही, आणि वेळेवर तर नाहीच नाही.

सूर्याकडून भारित कणांचा झोत अखंड वाहत असतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तो अडवतं, वळवतं, आणि त्यातली थोडी ऊर्जा साठवून रात्रीच्या बाजूने ध्रुवांकडे सोडतं. तिथे शंभर ते तीनशे किलोमीटर उंचीवर वेगवान इलेक्ट्रॉन हवेच्या कणांवर आदळतात आणि हवा उजळते. खालच्या थरातला ऑक्सिजन हिरवा उजळतो, दोनशे किलोमीटरच्या वरचा लाल, आणि तळाला कधीकधी नायट्रोजनची गुलाबी-जांभळी किनार लागते. चुंबकीय ध्रुवाभोवती या उजेडाचं एक कडं असतं. ट्रॉम्सो या कड्याच्या बरोबर खाली येतं. म्हणून तिथे वादळाची वाट बघावी लागत नाही, साधा दिवससुद्धा पुरतो. वादळ मोठं असलं की कडं पसरून दक्षिणेकडे सरकतं. लांबून बघणाऱ्याला मग क्षितिजावर त्याचा फक्त वरचा, लाल काठ दिसतो. हानलेला लालच का दिसलं, त्याचं मुख्य कारण हे.

यातलं आपल्या हातात काय? सूर्य नाही, ढग नाहीत. काळोख आहे, आणि रात्रींची संख्या आहे. ट्रॉम्सोला २० मेपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही, म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी बाद. ऑगस्टअखेर ते एप्रिलची सुरुवात हा काय तो हंगाम. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. काळोख भरपूर, पण दिवसा करायचं काय? शिवाय विषुवदिनांच्या आसपास, म्हणजे मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, पृथ्वीचं आणि सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांशी असा कोन करतात की सौरवाऱ्याला आत शिरायला वाट जास्त मिळते. त्या दिवसांत चुंबकीय वादळांचं प्रमाण वाढतं, हे शतकाहून अधिक काळाच्या नोंदींतून दिसलेलं आहे. पौर्णिमेचं चांदणं फिकट प्रकाशाला खाऊन टाकतं, तेव्हा अमावास्या बरी.

मार्च, विषुवदिन, अमावास्या. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय काढून बसलो. चैत्र शुद्ध प्रतिपदा ही अमावास्येला चिकटूनच येते, आणि येते मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. २०२६ मध्ये गुढीपाडवा १९ मार्चला, विषुवदिन २० मार्चला. साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त नॉर्वेतही चालतो, हे बघून मी एवढा खूश झालो की आईचा चेहरा बघायचा राहूनच गेला.

‘पाडव्याला आपल्या घरी गुढी कोण उभारणार?’

‘वहिनी उभारतील ना.’

‘तिला विचारलंस?’

विचारलं. वहिनी म्हणाल्या, उभारते, पण येताना काहीतरी आणा. एक अडचण मिटली.

सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र असतं आणि त्याचा कळस गाठला गेल्याचं नासाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. मग २०२६ म्हणजे उशीर झाला का? तसं नाही. उतरणीच्या वर्षांत सूर्याच्या प्रभामंडलात मोठी भोकं पडतात, त्यांतून वेगवान झोत सुटतात, आणि सूर्य साधारण सत्तावीस दिवसांत स्वतःभोवती फिरत असल्याने तेच भोक सत्तावीस दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येतं. त्यामुळे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात काय घडतं त्यावर नजर ठेवायची, पाडव्याचा अंदाज त्यातून बांधता येईल. मोठ्या स्फोटाचं मात्र तसं नाही. तो सुटला की एक ते तीन दिवसांत इथे, आणि खरी पक्की खबर मिळते ती पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेला उभ्या असलेल्या यानांकडून. त्यांच्यावरून झोत गेला की आपल्या हातात पंधरा मिनिटं ते तासभर. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून त्याच जागी आहे. म्हणजे मुंबईहून निघायचं ते महिनोन्‌महिने आधी ठरवून, आणि हॉटेलातून निघायचं ते चपला घालायला मिळतील एवढ्या वेळात.

देश कोणता, यावर बराच खल झाला. रशियातलं मुरमान्स्क सगळ्यांत सोयीचं. २०२३च्या ऑगस्टपासून भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. पण आपली कार्डं तिथे चालत नाहीत, रोख रकमेची पिशवी सांभाळत फिरावं लागतं. फिनलंडचा उत्तर भाग जास्त कोरडा, आणि थंडी उणे पंचवीस-तीसपर्यंत. स्वीडनमधलं अबिस्को डोंगरांच्या आडोशाला आहे, पाऊस-बर्फ अलीकडेच अडतं आणि वर आकाश मोकळं राहतं. जाणकार तेच सुचवतात. ट्रॉम्सो समुद्राकाठी, त्यामुळे ढग जास्त. पण उबदार सागरी प्रवाहामुळे तिथली थंडी अक्षांशाच्या मानाने सौम्य, मार्चमध्ये रात्री उणे पाच-सहा. ढग आले की गाइड लोकांना गाडीत घालून आतल्या बाजूला स्किबोटनकडे, वेळ पडली तर फिनलंडच्या हद्दीत नेतात आणि ढगांतलं भोक शोधतात. त्याचे माणशी दीड-दोन हजार क्रोनर, म्हणजे तेरा ते सतरा-अठरा हजार रुपये. मी हे सगळं आईपुढे मांडलं. तिने एकच विचारलं, ‘समुद्र कुठे आहे?’ सिंधुदुर्गातून गिरणगावात आलेल्या बाईपुढे अबिस्कोचा निभाव लागणं कठीणच होतं.

हे सगळं वाचताना १८७२ साल समोर आलं, आणि माझी गाडी रुळावरून घसरली ती घसरलीच.

४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या रात्रीच्या चुंबकीय वादळाचा जगभरचा पुरावा जपानमधल्या नागोया विद्यापीठाचे हिसाशी हायाकावा आणि त्यांचे सहकारी यांनी अलीकडे गोळा केला. त्यात एक ठिकाण मुंबई. त्या वेळच्या मुंबईतल्या वर्तमानपत्राने छापलं की रात्री आकाशात अरोरा दिसला, रंग सारखे पालटत होते, पहाटे तीनच्या सुमारास तो गडद जांभळा झाला. मुंबई ते एडन ही समुद्राखालची तार टाकून दोनच वर्षं झाली होती; त्या तारेवरचे संदेश काही तास विस्कळीत झाले. मुंबईच्या अक्षांशाला! मी राहतो तिथे त्या काळी वाड्या होत्या, खाजणं होती, आणि ताडदेवला पहिली गिरणी सुरू होऊन जेमतेम दीड दशक उलटलं होतं. गॅसचे दिवे होते ते शहराच्या दक्षिण टोकाला. परळच्या एखाद्या वाडीत पहाटे गुरांना वैरण घालायला उठलेल्या माणसाने उत्तरेला मान वळवली असेल, तर त्याला व्हिसा, विमान, हॉटेल यांतलं काहीही न करता ते दिसलं असेल. मला हा अन्याय वाटतो, दीडशे वर्षं जुना असला तरी.

म्हणून कुलाब्याला गेलो. लोअर परळहून स्लो गाडीने चर्चगेट, तिथून बेस्टची बस. अफगाण चर्चचा टोकदार मनोरा मागे पडला की झाडं दाट होतात, रस्ते लष्करी शिस्तीचे होतात, आणि मुंबईचा आवाज खाली बसतो. कुलाबा वेधशाळा मुंबईकराला माहीत असते ती पावसाळ्यात: सांताक्रूझ इतके मिलिमीटर, कुलाबा इतके. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला अवघा ७३, तेव्हापासून या दोन आकड्यांवर उत्तर आणि दक्षिण मुंबईची भांडणंही झाली आहेत. पण ही जागा पावसापुरती नव्हे. १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ती उभारली आणि १८४१ पासून इथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांकडे काही काळ या वेधशाळेची जबाबदारी होती. केरूनाना छत्रे ऐन तारुण्यात इथे नोकरीला होते. रात्रीबेरात्री, ठरल्या वेळी, टांगलेल्या चुंबकाची हालचाल डोळ्यांनी वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा, असं ते काम. पगारी, कंटाळवाणं, बिनकौतुकाचं.

आणि त्या वहीत २ सप्टेंबर १८५९ आहे. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत असताना त्याला अचानक एक पांढरा लखलखाट दिसला. तिथून निघालेलं वादळ साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर पोचलं. मुंबईत तेव्हा सकाळ होती. आकाशात दिसण्यासारखं काही नव्हतं, दिवस होता. पण कुलाब्याचा काटा सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आला. मे २०२४च्या वादळात, ज्याच्यामुळे मी गच्चीवर धावलो, जगाचा सरासरी निर्देशांक चारशेच्या आसपास घसरला होता. आजही ‘कॅरिंग्टन वादळ नेमकं किती मोठं?’ हा प्रश्न निघाला की शास्त्रज्ञ कुलाब्याची नोंद काढतात. आदित्य-एल१चं उड्डाण झालं २ सप्टेंबर २०२३ला, म्हणजे त्या नोंदीला बरोबर १६४ वर्षं झाली त्या दिवशी. हा योगायोग इस्रोत कुणाच्या लक्षात होता की नव्हता, देव जाणे.

मी फाटकाबाहेरून जेवढं दिसलं तेवढं बघितलं. पहाऱ्यावरच्या जवानाने विचारलं, काय काम आहे? ‘१८७२चं काम आहे’ असं सांगण्याचा मोह आवरला.

चुंबकमापन कुलाब्यात राहिलं नाही, याला कारण ट्राम. घोड्यांच्या ट्रामची विजेची ट्राम होणार असं ठरलं, तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या लक्षात आलं की रुळांतून वाहणाऱ्या विजेने इथला काटा कायम थरथरत राहील. त्यांनी खाडीपलीकडे, अलिबागला, नवी चुंबकीय वेधशाळा उभी करवली. १९०४ मध्ये ती सुरू झाली, दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग अशी जोडीने मोजणी करून दोन्हींचा मेळ घातला, आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. शहर पुढे काय करणार हे आधीच ओळखून त्याप्रमाणे पावलं उचलणारा माणूस मुंबईत होऊन गेला, हे डिलाईल रोडचा पूल पाच वर्षं बंद असताना त्याच्याखालून गेलेल्या आम्हा लोकांना चटकन खरं वाटत नाही.

तर ही अलिबागची फेरी. गेटवेहून मांडव्याच्या लाँचमध्ये वरच्या मजल्यावर बसलो. दिवाळीनंतरचे दिवस, लाँचमागे सीगलचा थवा आणि त्यांना वेफर्स-कुरमुरे टाकणारी पोरं. हे पक्षी उत्तरेकडून येतात, मी उत्तरेला जायचं नियोजन करतोय, असं काहीतरी शेजारच्या गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, ‘जाऊन या. पण मासे इथले ते इथले.’ मांडव्याला बस, अलिबागला रिक्षा. ‘मॅग्नेटिक ना?’ रिक्षावाल्याने विचारलं आणि समुद्राच्या अंगाला नेऊन सोडलं. आतल्या जुन्या इमारती चुंबकाला न भुलणाऱ्या पोरबंदरी दगडाच्या आहेत, लोखंड टाळून बांधलेल्या. आत जायला भारतीय भूचुंबकत्व संस्थेची परवानगी हवी. मी कुंपणाशी उभा राहिलो. नारळ, सुरू, खारा वारा, पुढे किनाऱ्यावर उंटाची सवारी आणि कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीतून चालत निघालेली गर्दी. त्या गर्दीतल्या कुणालाही ठाऊक असायचं कारण नाही की बाजूच्या आवारात एक यंत्र रात्रंदिवस सूर्याची नाडी धरून आहे. आकाश स्वच्छ असो, ढगाळ असो, अरोरा हजारो किलोमीटर दूर असो, त्याला फरक पडत नाही. ढग फक्त माझ्यासारख्यांना नडतात.

परतीच्या लाँचमध्ये टिळक आठवले, कारण केरूनाना डोक्यात होते. केरूनाना पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात गणित शिकवत आणि टिळक त्यांचे आवडते विद्यार्थी. ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे टिळकांचं पुस्तक १९०३ साली निघालं. वेदांतली लांबच लांब उषा, महिनोन्‌महिने चालणारी रात्र ही ध्रुवप्रदेशाचीच वर्णनं आहेत, असा त्यांचा दावा. तो आज कुणी विद्वान मानत नाही. पण एकदाही त्या बाजूला न जाता तिथली पहाट किती दिवस टिकते याचं गणित मांडणारा माणूस, आणि मी, फरक फक्त बुद्धीचा आहे. नियोजनाचा छंद तोच. आता तिकडे भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्रच आहे, स्वालबार्डमध्ये, २००८ पासून, आणि त्याचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोहून. डिसेंबर २०२३ पासून आपले शास्त्रज्ञ तिथे हिवाळ्यातही राहू लागले.

मग हानलेच का नाही? ऑफिसात हा प्रश्न रोज होतो. पासपोर्ट नको, व्हिसा नको. पण हानले आहे साडेचार हजार मीटरच्या आसपास उंचीवर, आईला तिथे नेणं मला मंजूर नाही. शिवाय तिथली ती तांबूस झाक कॅमेऱ्याने टिपलेली. डोळ्यांना ती जेमतेम जाणवते. हा मुद्दा ट्रॉम्सोलाही लागू आहे, आणि आईला तो आधीच सांगून ठेवला. प्रकाश फिकट असेल तर काळोखात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत; पांढरट ढगासारखं काहीतरी हलताना दिसतं आणि शेजारच्याच्या फोनमध्ये तेच हिरवंगार. जोराचा असला की मग रंग डोळ्यांनाही दिसतात. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन रखडलं होतं, ते या निमित्ताने उरकून घेतलं. जुनं पिवळट भिंग गेलं की निळे-जांभळे रंग जास्त उघडे दिसतात, असं डॉक्टर म्हणाले. काळोखाची सवय म्हणून तिला एका अमावास्येला वांगणीला घेऊन गेलो. खगोल मंडळाच्या आकाशदर्शनांमुळे मुंबईकरांना ती जागा ठाऊक आहे. डोळे काळोखाला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ टॉर्च न लावता बसणं आईला सहज जमलं, मला नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात मजा नाही. शेंगेन व्हिसाची फी नव्वद युरो, विमा किमान तीस हजार युरोंचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर एका दमात उमटत नाहीत. आईने हात पुसून, फुंकर घालून पुन्हा ठेवले, उमटले.

खाण्याचा भाग मात्र सविस्तर. नॉर्वेत बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप गेलं, पेढे गेले. मेतकूट, लोणचं, चटण्या चालतात. आणि मासे, ठरावीक वजनापर्यंत, चालतात. हे मी यादीतून वाचून दाखवलं तेव्हा आई प्रथमच या सहलीत खऱ्या अर्थाने सामील झाली. ‘सोडे चालतात? मग सुकटही घेते.’ मी तिला म्हटलं, अगं, तिथेच सुक्या माशांची खाण आहे. ट्रॉम्सोच्या दक्षिणेला लोफोटेन बेटं आहेत. कॉड मासा जानेवारी ते एप्रिल तिथे अंडी घालायला येतो, लोक तो साफ करून लाकडी मांडवांवर जोडीजोडीने टांगतात आणि थंड वाऱ्यात महिनोन्‌महिने सुकवतात. हजारएक वर्षं चाललेला व्यापार आहे हा. मार्चमध्ये मांडव भरलेले असतात, आणि ते जागेवरच असतात. हॉटेलांचं आरक्षण करताना मी रात्री लाइट्सच्या हिशेबाने ठेवल्या होत्या आणि दिवस असेच सोडले होते. आईने कारभार उलटा केला. दिवस आधी ठरवायचे, रात्री आकाश काय देईल ते बघायचं.

‘आणि दिसलेच नाहीत तर?’ आता विचारणारा मी होतो.

‘आषाढीला जाणाऱ्या सगळ्यांना विठोबा दिसतो काय? कळसाला हात जोडून परततातच ना माणसं.’ मग लगेच, ‘ते मासे मीठ लावून सुकवतात?’

‘नाही. नुसत्या वाऱ्यावर.’

‘बोंबलासारखे. कावळे नाहीत तिकडे?’

‘सीगल आहेत. जाळी घालतात वरून.’

आईने फोन माझ्या हातातून घेतला, मांडवांचा फोटो दोन बोटांनी मोठा करून टांगलेल्या जोड्यांची गाठ कशी मारली आहे ते बघितलं, आणि लोफोटेनच्या रात्री वाढवायला सांगितल्या.